अभिप्रायाला एक चिक्की

आमच्या सोसायटीत लोक माझ्याकडे पुस्तक मागायला येतात ते खोकल्याचं औषध मागावं तसे. "ताई, दहा वर्षांचा आहे. काहीतरी द्या ना, जादूबिदूचं, साहसाचं. मोबाइल सुटला पाहिजे." जेवणाआधी की जेवणानंतर, एवढंच विचारायचं बाकी ठेवतात.

चौथ्या मजल्यावरचा मुलगा असाच माझ्याकडे आला. म्हणजे आईने पाठवला. पाचवीतला, कोपराला खपली, नजर लिफ्टकडे. मी माझं लहानपणचं लाडकं पुस्तक काढलं. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नवरून मराठीत आणलेलं 'चंद्रावर स्वारी'. पिवळी पानं, खाकी कव्हर, आत माझं नाव आणि 'इयत्ता सहावी, तुकडी ब'. पुस्तक हातात देताना मी जवळजवळ भाषणच ठोकलं. चौथ्या दिवशी पुस्तक परत.

"कसं वाटलं रे?"

"छान आहे, काकू."

खुणेला घातलेलं बसचं तिकीट बाराव्या पानावर होतं. 'छान आहे' हा मुलांच्या तोंडचा सगळ्यात वाईट शेरा. आवडलेल्या पुस्तकाला मुलं छान म्हणत नाहीत, "दुसरा भाग कुठाय?" म्हणतात.

चूक माझीच. मी त्याला पुस्तक दिलंच नव्हतं, माझी सहावी ब दिली होती. शिवाय मुलगा इंग्रजी माध्यमाचा. अशा मुलांना दोन वयं असतात. डोक्याचं वय दहा, पण मराठी वाचायचं सात. जोडाक्षर आलं की गाडी थांबते, आणि पुस्तकातला चंद्रावर जाणारा तोफेचा गोळा उडेपर्यंत चंद्र मावळून जातो. म्हणून सोपं मराठी पुस्तक द्यावं, तर त्यात ससा आणि कासव. दहा वर्षांच्या माणसाचा याहून मोठा अपमान नाही. आईबापांच्या याद्या बहुतेक इथेच आपटतात. यावर मला एकच उपाय सापडला आहे. पहिली दोन प्रकरणं आपण मोठ्याने वाचायची आणि नेमकं कुणीतरी कड्यावरून लोंबकळत असताना "थांब हं, कुकर लावायचाय" म्हणून उठायचं. कुकर सावकाश लावायचा. परत येईपर्यंत पोरगं जोडाक्षरांसकट पुढे गेलेलं असतं.

भाषांतरित पुस्तकांकडे आपण जरा नाक मुरडून बघतो, पण एका शीर्षकावर माझा जीव आहे. 'हॅरी पॉटर आणि परीस'. मूळ इंग्रजी पुस्तक १९९७चं, त्याच्या नावात 'फिलॉसॉफर्स स्टोन' होतं. दुसऱ्या वर्षी ते अमेरिकेत गेलं तेव्हा तिथल्या प्रकाशकाला वाटलं, तत्त्वज्ञाचा दगड कोण पोरगं विकत घेणार? त्यांनी तत्त्वज्ञ काढून जादूगार घातला. मराठीत यातलं काहीच करावं लागलं नाही. लोखंडाचं सोनं करणारा परीस आजीने आधीच सांगून ठेवलेला. तीन अक्षरांत काम झालं.

मोठ्यांनी मुलांना पुस्तक सुचवावं की नाही, याचा निकाल खरं तर १९३६ सालीच लागला आहे. लंडनमधले प्रकाशक स्टॅन्ली अनविन यांच्याकडे टोल्कीन नावाच्या प्राध्यापकाचं एक हस्तलिखित आलं. बुटके, ड्रॅगन, खजिना असा सगळा मामला. मुलांचं पुस्तक मुलांनीच तपासावं असं अनविन यांचं मत होतं, म्हणून त्यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. लेखी अहवालाचा मोबदला एक शिलिंग. रेनरने लिहून दिलं की पुस्तक चांगलं आहे, नकाशे असले तर चित्रांची गरज नाही, आणि ते पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना आवडेल. स्वतः दहाचा होता ना! आपण त्या पलीकडे गेलो, हे त्याने एका आकड्यात सांगून टाकलं. सप्टेंबर १९३७मध्ये 'द हॉबिट' निघालं, १५०० प्रतींची पहिली आवृत्ती डिसेंबरपर्यंत संपली. एवढ्या स्वस्तात इतका खरा अहवाल दुसऱ्या कुठल्या प्रकाशकाला मिळाला असेल असं वाटत नाही.

हे वाचल्यावर मी शंभर पानी वही आणली. दाराबाहेर चपलांच्या कपाटाचा वरचा खण रिकामा केला, त्यात पुस्तकं लावली आणि शेजारी ही वही दोरीने बांधली. एका अभिप्रायाला एक चिक्की. 'छान आहे' लिहिल्यास चिक्की मिळणार नाही, हेही पहिल्या पानावर लिहून टाकलं.

मग वही बोलायला लागली. "पहिली ३० पानं बोअर. मग ड्रॅगन येतो. थांबा." "यात आई-बाबा सुरुवातीलाच मरतात, त्यामुळे गोष्ट लवकर सुरू होते." हे वाचून मी दचकले, पण खरं आहे. आई घरात असेल तर कोण जंगलात जाऊ देणार? कुठे आईबाप मारावे लागतात, कुठे लंडनवर बॉम्ब पडतात म्हणून मुलांना खेड्यातल्या अनोळखी घरात पाठवावं लागतं. 'फास्टर फेणे'वर कुणीतरी लिहिलं होतं, "यात जादू नाही. पण सायकल आहे." फुरसुंगीच्या बनेशचं याहून चांगलं वर्णन मी तरी वाचलेलं नाही. त्यालासुद्धा भागवतांनी पुण्यात शाळेच्या वसतिगृहातच ठेवला होता.

दुसऱ्या मजल्यावरची आठ वर्षांची मुलगी 'नार्निया'चं पहिलं पुस्तक परत करायला आली ती थेट आतल्या खोलीत. त्यातली मुलगी कोटांच्या कपाटात शिरते आणि पलीकडे बर्फात निघते. दार उघडताच डांबरगोळ्या खाली पडतात, हा तपशील तिने बरोबर लक्षात ठेवला होता. आमच्या कपाटातही डांबरगोळ्या होत्या. तिने वास घेतला, पत्र्यावर टकटक केलं आणि उदास होऊन म्हणाली, "काकू, लाकडाचंच लागतं."

चौथ्या मजल्यावरचा मात्र वहीत लिहीत नव्हता. वाचायचा, शनिवारी पुस्तक बदलायचा, चिक्कीला हात लावायचा नाही. मी विचारलंही नाही. एकदा विचारून हात पोळले होते.

परवा बेल वाजली. हा दारात, हातात स्वतःचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, कडा दुमडलेल्या, पाठीवर चिकटपट्टी. "हे तुम्ही वाचा. नावं खूप आहेत, तुमचा गोंधळ होईल. मागे यादी आहे. आणि नकाशा फाडू नका." एवढं बोलून जिन्याने धडधडत वर गेला.

मी वही उघडली. त्याच्या अक्षरात पहिलीच नोंद होती. पुस्तकाचं नाव, त्याखाली: "८ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी. आणि काकूंसाठी."