डावं पान, उजवं पान : लिंबाच्या रोपाची नोंदवही कुठवर आली

यंदा शाळेत निसर्ग मंडळ आणि मराठीचा लेखनतास एकत्र केलाय. विज्ञानाच्या बाई नोंदी तपासतात, मराठीचे सर त्याच नोंदींवरून केलेलं लेखन वाचतात. वही एकच. प्रत्येकाने एक छोटी जागा निवडायची आणि वर्षभर तिलाच चिकटून राहायचं. वर्गातल्या बहुतेकांनी मोठी झाडं पकडली. मी कुंपणाजवळचं लिंबाचं रोप घेतलं, कारण ते माझ्या कमरेएवढं आहे आणि शेंड्यापासून बुंध्यापर्यंत भिंगाखाली धरता येतं. मोठं झाड घेतलेली मंडळी आता मान दुखते म्हणतात.

वहीची पद्धत सांगतो, कारण या वहीबद्दल मी आधी लिहिलं तेव्हा दोघातिघांनी ती विचारली होती. वही उघडली की डावं पान 'दिसलं' आणि उजवं पान 'वाटलं'. डावीकडे तारीख, वेळ, ऊन की ढग, वारा, काय दिसलं, किती, रोपाच्या कुठल्या फांदीवर. सुंदर, गोंडस, भयानक हे शब्द डावीकडे बंद. उजवीकडे काहीही चालतं : प्रश्न, शंका, कवितेची ओळ, चित्र, बाईंवरचा राग. सरांचं म्हणणं असं की लेखक होण्याआधी मधली शिवण ओलांडताना कळलं पाहिजे की आपण ओलांडतोय.

आता रोपाकडे. कोवळ्या पानांवर फिकट पिवळी, टाचणीच्या डोक्याएवढी गोल अंडी सापडली, एकेक सुटी. ही लिंबावरच्या फुलपाखराची. काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके, मागच्या पंखांच्या आतल्या कडेला एकेक लाल ठिपका. स्वॅलोटेलच्या, म्हणजे शेपटीवाल्या फुलपाखरांच्या, कुळातलं असूनही याला शेपटी नसते. मादी पानावर क्षणभर टेकते, पोट वाकवते, अंडं चिकटवते आणि उडते. ती बसल्यावर बघायला गेलात तर उशीर झालेला असतो. ती रोपाभोवती घिरट्या घालायला लागली की तेव्हाच वही काढायची.

अंड्यातून निघालेली अळी काळपट असते. कात टाकत ती वाढते तसे अंगावर पांढरे डाग उठून दिसतात आणि ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी होते. पानाच्या वरच्या बाजूला, उघड्यावर, बिनधास्त बसून राहते. पक्षी स्वतःची घाण कशाला खाईल? मग शेवटची कात टाकली की हाच प्राणी हिरवागार होतो आणि पानांत दिसेनासा होतो. एकाच आयुष्यात लपायच्या दोन संपूर्ण वेगळ्या युक्त्या. मला वाटतं हे आकाराशी जोडलेलं असावं, एवढी मोठी विष्ठा कुणाला पटणार. हे अर्थातच माझ्या उजव्या पानावर लिहिलंय.

गवताच्या काडीने तिला हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. एकदाच करून बघा, पुन्हा पुन्हा नको. तिला त्यात शक्ती खर्चावी लागते. या वासावर वर्गात सर्वांनी एकेक परिच्छेद लिहिला. 'घाणेरडा वास' लिहिणाऱ्यांना सरांनी परत पाठवलं. घाणेरडा म्हणजे कशासारखा? माझा दुसरा खर्डा त्यांना पटला : 'लिंबाचं पान चुरगाळून बंद डब्यात विसरलं आणि आठवड्याने झाकण उघडलं.' विशेषण काढलं की आपोआप वस्तू शोधावी लागते, आणि वस्तू शोधायची तर पुन्हा रोपाजवळ जाऊन नाक लावावं लागतं.

सगळ्यात मोठी हिरवी अळी एका सकाळी गायब झाली तेव्हा खरी मजा आली. माझ्या बाकावरच्या मित्राने लगेच लिहिलं की बुलबुलाने ती खाल्ली. दोन पानी गोष्ट, अळीच्या आईसकट. गोष्ट चांगली होती. बाईंनी फक्त विचारलं, बुलबुल डाव्या पानावर आहे का? नव्हता. मग त्यांनी सांगितलं की कोष करायच्या आधी अळी खाणं थांबवते, पोट रिकामं करते आणि जागा शोधत भटकायला लागते. कित्येकदा मूळ झाड सोडूनच जाते. म्हणजे 'दिसली नाही' आणि 'मेली' यांत एवढं अंतर आहे. आम्ही शोधाशोध केली, आणि कुंपणाच्या तारेच्या खांबावर कोष मिळाला : शेपटीकडचं टोक चिकटवलेलं, कमरेला रेशमाचा धागा, रंग खांबासारखाच तपकिरी. हे कोष हिरवेही होतात, तपकिरीही. आजूबाजूला काय आहे त्यावर बरंच अवलंबून असतं. तो आमच्याच अळीचा आहे हे मात्र कुणी पाहिलेलं नाही. त्यामुळे 'आमचा कोष' हा शब्द माझ्या वहीत उजवीकडेच आहे.

तेव्हापासून 'काही दिसलं नाही' हीसुद्धा मी पूर्ण नोंद धरतो, तारीख-वेळेसकट. पक्षी मोजणाऱ्यांना हे नवीन नाही. ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना विचारतात ना, ओळखता आलेले सगळे पक्षी यात नोंदवलेत का? उत्तर 'हो' असेल तरच यादीत नसलेल्या पक्ष्याच्या नसण्याला अर्थ येतो. फक्त भारी पक्षी लिहिले तर चिमणी कमी झाली की आपल्याला तिचा कंटाळा आला, हे पुढच्या माणसाला कसं कळणार?

आणि पुढचा माणूस खरोखर येतो. कॅलिफोर्नियात जोसेफ ग्रिनेल नावाचे प्राणिशास्त्रज्ञ १९०८ पासून बर्कली विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या संग्रहालयाचे (म्युझियमचे, पिंजऱ्यांच्या नव्हे) पहिले संचालक होते. रोजनिशी वेगळी, प्रत्येक जातीची टिपणं वेगळी, गोळा केलेल्या नमुन्यांची यादी वेगळी अशी शिस्त त्यांनी घातली, आणि या नोंदींची खरी किंमत कित्येक वर्षांनी कळेल असं ते म्हणत. १९१४ ते १९२० या काळात योसेमिटीच्या डोंगरात त्यांच्या चमूने लहान सस्तन प्राण्यांच्या नोंदी केल्या. २००३ पासून नंतरच्या पिढीतले लोक जुन्या वह्या हातात घेऊन त्याच जागांवर परत गेले. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आला : पाहिलेल्या २८ जातींपैकी निम्म्या जातींच्या वावराच्या सीमा सरासरी ५०० मीटरच्या आसपास वर सरकल्या होत्या. हवा तापली हे त्यामागचं मोठं कारण. ग्रिनेल यांनी 'डोंगरावर बरेच उंदीर दिसले' असं लिहून ठेवलं असतं तर हे काहीच हाती लागलं नसतं. अमेरिकेतल्या हेन्री डेव्हिड थोरो यांच्या फुलांच्या नोंदींचंही तसंच. १८५० च्या दशकात त्यांनी कॉनकॉर्ड या आपल्या गावी कुठलं फूल कधी उमललं ते लिहून ठेवलं, आणि दीडशे वर्षांनी त्यावरून सिद्ध झालं की तिथली झाडं आता सरासरी आठवडाभर आधी फुलतात. विशेष म्हणजे थोरो मुळात लेखक माणूस. आमच्या सरांना हे उदाहरण फार आवडतं, कारण वाचून झाल्यावर ते बाईंकडे बघतात.

संवर्धनाचा भाग मला सोपा वाटला होता. कोष सापडला, आता तो जपायचा, संपलं. पण खांबावरच्या कोषातून फुलपाखरू आलंच नाही. त्याला बारीक भोकं पडली आणि मुंगीहून छोट्या, चकाकत्या परजीवी गांधीलमाश्या बाहेर पडल्या. या माश्या कोषात अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या आतून कोष खातात. वर्गात नुसता गोंधळ. काहींनी माश्या मारायच्या म्हटलं, काहींनी यापुढे सगळे कोष बरणीत ठेवायचे म्हटलं. बाईंनी उलट विचारलं : लिंबाची बाग असलेल्या माणसाला कोण जास्त आवडेल? त्याच्या लेखी ही फुलपाखराची अळी म्हणजे कीड. रोपवाटिकेतली कोवळी रोपं ती ओरबाडून टाकते. माशी त्याची मैत्रीण. मग आपण वाचवतोय ते नक्की काय? फुलपाखरू, माशी, की लिंबू?

तासभर भांडून एका गोष्टीवर मतं जुळली : रोपावर फवारणी नको. फवारणीत अळी मरते, माशी मरते, आणि फुलांवर येणाऱ्या मधमाश्याही मरतात. एखादी अळी किंवा कोष वाचवण्याबद्दल आमचं अजून जमलेलं नाही. मी बरणीच्या विरोधात आहे. बरणीतून फुलपाखरू निघेल, पण मग माझ्या डाव्या पानावर त्या रोपाचं काय चाललंय ते न राहता माझं काय चाललंय तेच राहील. मैत्रिणीचं म्हणणं असं की हे फुलपाखराला जाऊन सांग. तिचंही बरोबर आहे, आणि तिने माशीच्या बाजूने लिहिलेलं स्वगत वर्गातलं आजवरचं सर्वांत चांगलं लेखन आहे, हे कबूल करायला मला जड जातं.

फवारणी थांबवायची तर रोपाजवळ फलक हवा. मजकूर पंचवीस शब्दांच्या आत, ही सरांची अट. 'निसर्ग वाचवा', 'झाडे लावा' वगैरे बाद, कारण ते कुणी वाचत नाही; डोळा त्यावरून भिंतीवरून घसरावा तसा घसरतो. 'कृपया फवारणी करू नये' यालाही कारण जोडलेलं नव्हतं. 'येथे फुलपाखरे राहतात' खोटं ठरलं, ती राहत नाहीत, येतात. शिवाय माश्यांचा उल्लेख कुठे? बऱ्याच खर्ड्यांनंतर सध्या हा लावलाय :

'पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली तर जरा थांबा. ती चालते. हिच्यावर जगणारे आणखी कुणी आहेत. म्हणून या रोपावर औषध मारत नाही.'

लहान वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत येऊन विष्ठा चालायची वाट बघत उभी राहतात. काही वेळा ती खरोखरची विष्ठा असते. तीही मी नोंदवतो.

पुढचं काम : अंड्यांपासून कोषापर्यंत प्रत्येक टप्प्यावर किती उरतात, त्याचा तक्ता. अडचण अशी की अळ्यांना खुणा करता येत नाहीत, रंग लावला तर लपणं मोडतं. सध्या मी फांद्यांना क्रमांक देऊन अळीची लांबी पट्टी जवळ धरून मोजतोय, पण एकाच फांदीवर दोन सारख्या अळ्या आल्या की अंदाज सुरू होतो, म्हणजे उजवं पान सुरू होतं. कुणी अळ्यांचा हिशोब खूण न करता ठेवला असेल तर पद्धत सांगा.