आंजर्ल्याच्या अंगणात हॉप्स

भाचा मनाली-लेह रस्त्याच्या कामावर होता. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी आला तो हिमाचलातल्या लाहौलमधल्या एका शेतकऱ्याने दिलेली कागदाची पुडी घेऊन. "मामा, तुला झाडांचं वेड, म्हणून आणलंय. ओळख बघू." आत बोटाच्या पेराएवढे, वाळलेले, हिरवट शंकू होते, कागदासारख्या पातळ पाकळ्यांचे. एक चुरगाळला तर बोटांना पिवळी पूड लागली. वास कडवट, त्यात थोडी लिंबाची साल. बिअरला कडूपणा देणारं हॉप्स ते हेच. लाहौलच्या खोऱ्यात त्याची शेती होते हे वाचून माहीत होतं, हातात पहिल्यांदा आलं. शंकू मोडता मोडता पाकळ्यांच्या बुडाशी बिया सापडायला लागल्या. काळपट तपकिरी, मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या. मोजल्या, त्रेचाळीस भरल्या.

लावायच्या हे त्याच रात्री ठरलं. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतले माड आणि पोफळी आडव्या झाल्या, तेव्हापासून घरापुढे कधी नव्हतं एवढं ऊन पडतंय. आई रोज त्या उघड्या जागेकडे बघते. तिथे काहीतरी वर चढताना दिसावं असं मला मनापासून वाटत होतं.

हॉप्सचं बी नुसतं मातीत टाकून उगवत नाही. थंड मुलखातली वनस्पती, हिवाळा अंगावरून गेल्याशिवाय बी जागं होत नाही. ओलाव्यात आणि चार-पाच अंशांच्या गारव्यात त्याला निदान महिना-दीड महिना ठेवावं लागतं. आमच्याकडे हा हिवाळा फक्त फ्रिजमध्ये. वाळू घ्यायची होती, पण समुद्र दारात असून पुळणीची वाळू चालत नाही, तिच्यात मीठ. नदीची वाळू आणून चाळली, उकळत्या पाण्याने धुतली, मुठीत दाबली तर पाणी गळणार नाही इतपत ओली ठेवली आणि बियांसकट प्लास्टिकच्या डबीत भरली. खालच्या कप्प्यात, भाजीशेजारी. बर्फाच्या कप्प्यात नाही. आठवड्यातून एकदा झाकण उघडून वारा द्यायचा आणि बुरशीचा वास येतोय का ते बघायचं. असे सात आठवडे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पेरणी केली. माती आमची जांभ्याची, आंबट. हॉप्सला इतकी आंबट माती मानवत नाही, म्हणून शिंपल्यांची बारीक पूड मिसळली. बाकी कुजलेलं शेणखत आणि नारळाच्या सोडणाचा धुतलेला भुसा. बी अर्धा सेंटीमीटर खोल. पहिला कोंब बाराव्या दिवशी वर आला, शेवटचा अडतिसाव्या. मधल्या काळात कुंड्या उलटून टाकायचा मोह दोनदा आवरला. त्रेचाळिसांतून अकरा उगवली, आणि हॉप्सच्या बियांचं उगवणं असंच तुटक असतं. पहिली दोन पानं अरुंद, पट्टीसारखी. त्यांच्यामागून येणारी खरी पानं करवतीच्या कडांची आणि हाताला खरखरीत. तीन रोपं मर लागून बुडाशी काळी पडली आणि एका रात्रीत कोसळली. त्यानंतर पाणी फक्त सकाळी, तेही खालून, ताटलीतून.

उरली आठ. फेब्रुवारीअखेर ती वीतभर झाली आणि तिथेच थांबली. पानं हिरवी, मुळं पांढरी, किडीचा पत्ता नाही, पण वाढ नाही. आपल्याकडे उकाडा आहे म्हणून असं होतंय, असंच मी धरून चाललो होतो. खरी अडचण निघाली दिवसाच्या लांबीची. हॉप्सची जगातली सर्वांत मोठी सलग लागवड जर्मनीच्या बव्हेरियातल्या हालरटाऊ भागात आहे, आणि तिथे जूनमधला दिवस सोळा तासांच्या वर जातो. लाहौलमध्ये सव्वाचौदा तास. आमच्या किनाऱ्यावर वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा तेरा तासांच्या थोडाच पुढे. एवढ्या आखूड दिवसात वेल समजतो की हंगाम संपत आला, आणि चढायचं सोडून झोपायच्या तयारीला लागतो.

मग उजेड लांबवला. पडवीच्या वाशाला नऊ वॅटचे तीन एलईडी बल्ब टांगले, रोपांपासून चार फूट वर. दिवस मावळला की लावायचे, साडेदहाला बंद करायचे. मार्चमधला बारा तासांचा दिवस आणि हे चार तास. महिन्याला तीन-सव्वातीन युनिट वीज जाते, फार नाही. सहा रोपं बल्बाखाली ठेवली, दोन मुद्दाम परसात अंधारात. तीन आठवड्यांत फरक दिसला. परसातली दोन गुडघ्याएवढी होऊन बसली ती बसलीच. बल्बाखालच्यांना दोर बांधायची वेळ आली.

दोर सुंभाचा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातही हॉप्स काथ्याच्या दोरांवरच चढवतात, हे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. हा वेल तणावे काढत नाही. खोडावर बारीक आकड्यांसारखे केस असतात, त्यांनी तो दोर पकडतो. गुळगुळीत नायलॉनवर घसरतो, सुंभावर घट्ट बसतो. मनगटावरून एकदा ओढला गेला तर संध्याकाळपर्यंत लाल रेघ राहते, बाह्या खाली ओढूनच काम करावं.

एकदा आईने सकाळी उठून सगळे शेंडे दोराभोवती नीट गुंडाळून ठेवले, घेवड्याला गुंडाळते तसे. दुसऱ्या दिवशी सगळे सुटून लोंबत होते. "माझ्या हातचं ह्याला चालत नाही का रे?" तिला वाईट वाटलं. मी दोराशी उभा राहून वरून बघितलं तेव्हा उलगडा झाला. घेवडा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, हॉप्स काट्यांच्या दिशेने. तिच्या पिळाच्या उलट पीळ. तिने सगळे शेंडे पुन्हा हाताने फिरवले, आणि ते राहिले. एप्रिलमध्ये एक शेंडा मी खडूने खूण करून मोजला. एका दिवसात चार बोटं.

एप्रिलच्या कोरड्या उन्हात लाल कोळी आला. पानांवर बारीक पिवळे ठिपके, मागे जाळं. रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याची जोरात फवारणी केली, दहा दिवसांत आटोक्यात आला. शेजारच्या काकांनी एकदा हळूच विचारलं, "गांजा तर नाही ना हा?" प्रश्न अगदीच गैर नव्हता, भांग आणि हॉप्स एकाच कुळातली. पण हॉप्समध्ये भांगेची नशा नाही, आणि पान द्राक्षाच्या पानासारखं दिसतं. काकांना कुंडीपाशी नेऊन पान हातात दिलं. दुसरी गोष्ट मात्र मीच सगळ्यांना आधी सांगितली: हे शंकू कुत्र्याने खाल्ले तर त्याला जीवघेणा ताप चढू शकतो. आमचा मोती तेव्हापासून मागच्या दारी असतो.

मे संपेपर्यंत चार वेल वळचणीला पोचले, दहा फूट. मग पाऊस आला, पहिल्याच आठवड्यात सहा दिवस वीज नव्हती. दोन रोपांची मुळं कुजली, ती गेली. वीज आल्यावर बल्ब लावले नाहीत. वाढ पुरेशी झाली होती, आता आखूड दिवसच हवा होता, फुलायला.

आता मुख्य प्रश्न. हॉप्समध्ये नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा, आणि शंकू फक्त मादीला. बी बघून किंवा पान बघून काही कळत नाही, म्हणूनच शेतकरी बी लावत नाहीत, मादी वेलाच्या जमिनीखालच्या खोडाचे तुकडे लावतात. आम्हा कोकणातल्या माणसांना ही धाकधूक जुनी आहे. बियांपासून वाढवलेल्या रातांब्यांत निम्मे नर निघतात. माझ्या वडिलांनी जायफळाची पाच रोपं बियांपासून लावली होती, सात वर्षं पाणी घातलं, तीन नर निघाले. आई रोज विचारायची, "कळलं का काही?"

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरापेरांवर कळ्या दिसल्या. एका वेलावर पिवळट हिरव्या, पाच पाकळ्यांच्या बारीक फुलांचे लोंबते घोस. नर. दुसरा, नर. तिसरा, नर. चौथ्या वेलावर तीन दिवस उशिरा, पानाच्या बगलेत बोराच्या आठळीएवढा हिरवा गोंडा, त्यातून बाहेर आलेले पांढरे, दोऱ्यासारखे केस. मी आईला हाक मारली. ती चष्मा घेऊन आली, डोकं वाकवून बराच वेळ बघत राहिली. "ही बाई आहे," म्हणाली.

दोन नर वेल फुलं उमलायच्या आत कापले. त्यांनाही तेवढंच वाढवलं होतं, कापताना जड गेलं. तिसरा परसात नेऊन ठेवला, वाऱ्याने परागकण येतील तेवढे येऊ देत म्हणून, कारण मला पुढचं बी हवं होतं. सप्टेंबरमध्ये चौदा शंकू काढले. पावसाळी हवेत सुकेनात, बुरशी येईल अशी भीती वाटायला लागली, तेव्हा आईने सुपात पसरून चुलीच्या वर टांगले. चार दिवसांत कागदासारखे झाले. एक मोडून तिच्या तळहातावर ठेवला. पिवळी पूड, तोच कडवट वास.

चौदा शंकूंत नऊ बिया निघाल्या. त्या नदीच्या वाळूत घालून डबी फ्रिजमध्ये ठेवली आहे, आगळाच्या बाटलीशेजारी. झाकणावर तारीख आईने घातली.