साडेसव्वीस तासांचा फेरा

शनिवार, सकाळचे साडेसात

रात्रभर मास्टर कंट्रोलमध्ये, म्हणजे वाहिनीचे प्रक्षेपण जिथून चालवतात त्या खोलीत, बसून आत्ताच परतले आहे. झोपण्यापूर्वी हा आठवडा लिहून काढायचा आहे, कारण दोन दिवसांनी कोडमधल्या काही ओळी बदलल्याचे तेवढे लक्षात राहील आणि त्या ओळींपर्यंत कशी पोहोचले ते विसरून जाईन.

सोमवारी दुपारी आम्ही एका वाहिनीच्या प्रक्षेपणसाखळीत सबटायटल्स बसवणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती लावली. ती मी लिहिलेली होती आणि तीन आठवडे तिच्या चाचण्या झालेल्या होत्या. त्याच रात्री 8 वाजून 10 मिनिटांनी सबटायटल्स बंद पडली. चित्र नीट, आवाज नीट, अलार्म एकही नाही. पडद्याखालची अक्षरे तेवढी नाहीशी झालेली. ऑपरेटरनी सॉफ्टवेअर रिस्टार्ट केले आणि ती परत आली. मंगळवारी पुन्हा तेच झाले, मग पुन्हा. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्राम स्वतःच ठेवतो त्या नोंदींत, मला काही सापडत नव्हते, कारण प्रोग्रामच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नव्हते. येणारे प्रत्येक सबटायटल वेळ टळून गेलेले आहे असे समजून तो ते बाजूला टाकत होता, आणि वेळ टळलेले टाकून द्यायचे हे त्याला मीच शिकवले होते.

ते शिकवणे चुकीचे नव्हते. सेकंदाला 25 फ्रेम दाखवणाऱ्या वाहिनीत एका फ्रेमच्या वाट्याला 40 मिलिसेकंद येतात, आणि ज्या फ्रेमची पाळी हुकली ती कितीही अचूक तयार झाली तरी उपयोगाची राहत नाही. या क्षेत्रात येण्यापूर्वी मी हिशेबाची सॉफ्टवेअर लिहीत होते. तिथे सर्व्हर अडखळला तर माणूस थांबतो आणि बटण पुन्हा दाबतो. इथे प्रेक्षकाच्या हातात असे बटण नसते आणि आमच्याही नसते. चित्र, आवाज आणि अक्षरे वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळा वेळ खात पडद्यापर्यंत येतात, म्हणून त्या प्रत्येकावर केव्हा दाखवायचे याचा शिक्का असावा लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला ते जाणवू लागते, पण मागे पडला तर सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत ते ध्यानात येत नाही. मला हा आकडा फार आवडतो. दूरवर कोणी लाकूड फोडत असेल तर घाव आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो. जन्मभर तसेच अनुभवल्यामुळे उशिराचा आवाज आपण सोसतो आणि आधीचा सोसत नाही, असे त्याचे कारण दिले जाते.

बिघाडाचे मूळ त्या शिक्क्यातच होते आणि ते मला लॉगने नव्हे, ऑपरेटरांच्या वहीने दाखवले. मास्टर कंट्रोलमध्ये आजही प्रत्येक पाळीची एक हस्तलिखित नोंदवही असते. शुक्रवारी पहाटे पुन्हा बिघाड झाल्यावर तिथल्या ज्येष्ठ ऑपरेटरनी ती माझ्यापुढे ठेवली आणि चार नोंदींवर पेन्सिलने खुणा केल्या: 8.10, 10.41, 1.12, 3.43. "मॅडम, हे रोज अडीच तास पुढे सरकतंय," ते म्हणाले. एवढे ऐकले आणि मी खुर्चीत ताठ बसले.

चित्र, आवाज आणि अक्षरे ज्या डिजिटल प्रवाहातून एकत्र जातात त्या एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये वेळेचा शिक्का 33 बिटांचा असतो आणि सेकंदाला 90,000 या गतीने वाढतो. 33 बिटांत 8,58,99,34,592 आकडे मावतात. त्याला 90,000 ने भागले की 95,443 सेकंद आणि थोडे वर, म्हणजे 26 तास, 30 मिनिटे आणि 44 सेकंद येतात. त्यानंतर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. मी नव्या सबटायटलचा शिक्का आधीच्यापेक्षा मोठा आहे का, एवढेच तपासत होते. फेरा पूर्ण होऊन आकडे लहान झाले की पुढची सगळी सबटायटल्स माझ्या प्रोग्रामला कालची वाटू लागत. हा फेरा मला ठाऊक नव्हता असे नाही. प्रमाणग्रंथातले ते पान मी वाचलेले आहे. पण आमच्या प्रयोगशाळेतला एन्कोडर, म्हणजे हा प्रवाह तयार करून त्यावर शिक्के मारणारे यंत्र, रोज सकाळी नव्याने सुरू होतो, शून्यापासून मोजू लागतो आणि संध्याकाळी बंद होतो. तीन आठवड्यांत त्याने एकदाही फेरा पूर्ण केला नव्हता. प्रत्यक्ष वाहिनीचा एन्कोडर मात्र महिनोन्‌महिने थांबत नाही.

दुरुस्ती छोटी होती. दोन शिक्क्यांतले अंतर घड्याळाच्या तबकडीवर मोजावे तसे मोजायचे आणि ते अर्ध्या फेऱ्यापेक्षा कमी असेल तर नवे सबटायटल पुढचे मानायचे. चाचणीही बदलली: आता मोजणी फेरा पूर्ण होण्याच्या एक मिनिट आधीच्या आकड्यापासून सुरू करते, म्हणजे 26 तास थांबावे लागत नाही.

मनाला लागले ते वेगळेच. चित्र काळे झाले, गोठले किंवा आवाज गेला तर इथे काही सेकंदांत अलार्म वाजतो. सोमवारी सबटायटल्स 11 मिनिटे नव्हती आणि काहीच वाजले नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी त्या 11 मिनिटांत बातमीदार नुसता ओठ हलवत होता, आणि आमच्या भिंतीवरचे सगळे दिवे हिरवे होते. मी स्वतः मंगळवारी त्या मॉनिटरसमोर उभी होते, आवाज ऐकत होते, आणि अक्षरे गेल्याचे मला दुसऱ्याने सांगावे लागले. याचा अलार्म मी सोमवारी लिहायला घेणार आहे. तो सोपा नाही, कारण संवाद नसतानाही अक्षरे नसतात; आवाजात बोलणे आहे आणि खाली अक्षरे नाहीत, हे त्याला ओळखता आले पाहिजे.

काल संध्याकाळी दुरुस्त आवृत्ती राखीव साखळीवर लावली आणि मध्यरात्रीनंतर वाहिनी त्या साखळीवर वळवली. मूळ साखळीवर जुनी आवृत्ती तशीच ठेवली, कारण दोन्हींना तोच प्रवाह मिळतो आणि मला दोन्ही शेजारी शेजारी पाहायच्या होत्या. हिशेबाने पुढचा फेरा 6 वाजून 13 मिनिटांच्या सुमारास पूर्ण होणार होता. सहापासून आम्ही दोघे दोन मॉनिटरांसमोर उभे होतो. डावीकडे एक वाक्य आले, पुसले गेले आणि त्यानंतर काही उमटले नाही. उजवीकडे पुढचे वाक्य आले, मग त्यापुढचे. ऑपरेटरनी आणखी पाच मिनिटे पाहिले, वही ओढली आणि लिहिले: 6.13, राखीव साखळी, सबटायटल्स चालू.