रान उक्तं देण्याआधी: सातबारा, फीत आणि सामाईक सह्या

कोकणातलं तीस-चाळीस एकर वरकस (हलक्या प्रतीचं, डोंगरउताराचं) रान विकायला निघालं की पहिला प्रश्न येतो, "एकरी काय भाव?" इथेच गणित चुकतं. सागाचे ओंडके, खैराचं लाकूड, ऐन-किंजळीचं जळाऊ आणि खालची जमीन हे चार वेगळे माल आहेत. चौघांचे गिऱ्हाईक वेगळे, कायदे वेगळे. एकरी आकड्यात ते कोंबले की घेणारा स्वस्तातल्या मालाचा भाव महागातल्यालाही लावतो.

पण मोजणीच्याही आधी सातबारा. 'इतर हक्क' रकान्यात खासगी वनाची नोंद आहे का, जुन्या फेरफारात वन कायद्याच्या कलम 35 ची नोटीस (खासगी रानातल्या तोडीवर बंदी घालण्याआधी मालकाला देतात ती) दिसते का, हे तपासा. महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम 30 ऑगस्ट 1975 ला लागू झाला आणि अशी कित्येक रानं त्या दिवशी सरकारजमा ठरली. मालकांना मात्र पुढच्या पिढीत, सौद्याच्या वेळी ते कळतं. 2014 साली गोदरेज अँड बॉयस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नोटीस नुसती निघून भागत नाही, मालकावर बजावलेली असावी लागते. म्हणून नोंद दिसली की हातपाय गाळू नका, नोटिशीची आणि ती बजावल्याची कागदपत्रं काढा. तो वाद मिटेपर्यंत झाडांना किंमत लावू नका, शून्यच धरा. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात उच्च न्यायालयाच्या तोडबंदीनंतर हेच झालं: झाडं जाग्यावर, भाव कागदावर.

1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा सगळे आहेत. म्हणजे "आपल्याच रानातलं झाड" ही समजूत इथे उपयोगाची नाही. परवानगी, मार्किंग (झाडांवर खुणा), हॅमर (मालावर वनखात्याचा शिक्का), वाहतूक पास, ही साखळी पुरी झाल्याशिवाय ट्रक हलत नाही. यात एक पावसाळा सहज मध्ये येतो आणि जूनपासून मातीच्या रस्त्यावर गाडी घालता येत नाही. परवाना दिवाळीच्या आसपास हातात पडेल अशा बेताने अर्ज करा.

आता फीत. उभ्या झाडाचा घेर छातीच्या उंचीला, 1.37 मीटरवर घेतात. उतारावर वरच्या अंगाला उभं राहून. साग आणि खैर एकूण एक मोजा, रंगाने नंबर टाका. ऐन-किंजळीसाठी नमुना पुरतो: 11.28 मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे 0.04 हेक्टर. चाळीस एकर म्हणजे 16.2 हेक्टर, त्यात अशी वीस वर्तुळं घेतली की पाच टक्के क्षेत्र पाहून होतं. ती सोयीच्या पायवाटेला धरून आखू नका. वाटेकडेचं रान आधीच विरळ झालेलं असतं. आणि दोरी आडवी धरा. तीस अंशांच्या उतारावर जमिनीला चिकटवून 11.28 मीटर मोजले तर वर्तुळ तेरा टक्क्यांनी लहान पडतं, तेवढी झाडं तुमच्या हिशेबातून जातात. कोकणात हा सर्रास होणारा तोटा आहे, आणि तो विकणाऱ्याचाच.

पडलेल्या ओंडक्याचा हिशेब चौथाई घेराने होतो: घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. मधल्या घेराला चार फूट भरणारा दहा फुटी ओंडका 10 घनफूट. वर्तुळाच्या सूत्राने तोच 12.73 भरतो. ही फसवणूक नाही, व्यापाराची पद्धत आहे. फक्त ज्या पद्धतीने दर सांगितला त्याच पद्धतीने माप घ्यायचं. घासाघीस सालीवरून होते. साल एक सेंटीमीटर जाड असेल तर ती सोडून घेर 6.3 सेंटीमीटरने उतरतो आणि याच ओंडक्याचे 10 चे 9 घनफूट होतात. साल सोडून की सालीसकट, हे करारात लिहून घ्या. खैर मात्र बहुधा वजनावर जातो, तोही सोलीव. पांढरं लाकूड तासून लाल गाभा किती उरतो यावर चिपळूणचे कातवाले (खैरापासून कात बनवणारे) दर धरतात, त्यामुळे जाड दिसणारा कोवळा खैर वजनात निराशा करतो.

उभ्या झाडाचा भाव काढायला उलटं चाला: डेपोवरचा लिलाव दर, त्यातून वाहतूक, ओढणी (तोडलेला माल रस्त्यापर्यंत ओढून आणणं), तोडणी, परवान्याचा खर्च, आणि पोकळ निघणाऱ्या मालाची तूट वजा. कुऱ्हाडीचा तुंबा (पाठीकडची बोथट बाजू) बुंध्यावर आपटून आवाज ऐका. बद्द आला तर ते झाड जळाऊत धरा. रस्त्यापासून लांब, ओढ्यापलीकडच्या सागाची किंमत कधीकधी ओढणीतच संपते. सुताराच्या दुकानातला चिरलेल्या फळीचा घनफूट दर मात्र इथे लावू नका. बारीक घेराच्या सागातून चिरल्यावर निम्मं लाकूड हाती आलं तरी पुष्कळ.

विक्री दोन वेगळ्या कागदांनी करावी, असं माझं मत. आधी तोड, मग जमीन. तोडीचा करार ठरावीक महिन्यांचा आणि नंबर टाकलेल्या झाडांपुरता ठेवा. "पुढची बारा वर्षं तोडत राहा" असा लिहिलात तर तो जमिनीतला हक्क ठरतो आणि नोंदणीविना टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयातल्या 1958 च्या शांताबाई खटल्यात हाच मुद्दा होता. जमिनीचा घेणारा शेतकरीच लागतो, आणि कोरडवाहूला 54 एकरांची कमाल मर्यादा आहे, त्याची आधीची जमीन धरून. मोठ्या रानाला म्हणूनच सहसा दोन-तीन घेणारे शोधावे लागतात. मोजणी करून हद्दीचे दगड आधी रोवून घ्या, कारण शेजाऱ्याचा हद्दीवरचा साग तोडला गेला तर भांडण तुमच्याशीच होतं.

राहिल्या सामाईकांच्या, म्हणजे जमिनीतल्या इतर हिस्सेदारांच्या, सह्या. मुंबई, पुणे, बडोदा, आणि एखादी आत्या जिचं नाव वारस फेरफारात लागलेलंच नाही. व्यापाऱ्याकडून विसार घेण्याआधी तो फेरफार पुरा करा.