सोपटात रोवलेला चाफा

2 नोव्हेंबर जवळ आला की आमच्या वसईतल्या ख्रिस्ती घरांत दोन कामं निघतात. कबरीवरचं गवत काढून क्रूसाला रंग द्यायचा, आणि फुलांचं बघायचं. मृतांचा दिन म्हणजे गेलेल्यांसाठी प्रार्थना करायचा दिवस. हजारेक वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठात ओदिलो नावाच्या मठाधिपतींनी तो सुरू केला म्हणतात. आजीला ओदिलो ठाऊक नव्हते. त्या दिवशीचा झेंडूचा भाव मात्र तोंडपाठ.

आजी फुलं विकायची. अंधारात बॅटरी धरून सोनचाफा खुडायचा, ओल्या फडक्यात गुंडाळायचा आणि पहाटेच्या लोकलने दादर गाठायचं. घरातल्या मारियामातेपुढे तगर. चाफा विकायचा असतो, वाहायचा नसतो, हा तिचा कायदा. केसात एक फूल माळलं तरी ‘दोन रुपये डोक्यावर घेऊन कुठे निघालीस गो?’ असं विचारायची.

ती गेली त्या वर्षी मी दुकानातून तयार रचना आणली. ग्लॅडिओलस, चंदेरी रिबीन, खाली हिरवा फोम. फुलं चार दिवसांत माना टाकून मोकळी, फोमची वीट मात्र नाताळातही तशीच. तो फोम म्हणजे प्लास्टिकच, कुजणार कसा? आजीच्या उशाशी कचरा ठेवून आल्यासारखं वाटलं.

2024 ला दिवाळीचा पाडवा आणि 2 नोव्हेंबर एकाच दिवशी आले. झेंडू परवडेना. म्हटलं, वाडीतच काय मिळतं बघू. घड उतरवलेली एक केळ पडली होती. तिच्या बुंध्याचा हातभर तुकडा कापला, उभा चिरला. सोपटाच्या, म्हणजे बुंध्याच्या थरांच्या, आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे असतात आणि त्यांत पाणी. बोट दाबलं की पाझरतं. फोम भिजवावा लागतो, हे आधीच भिजलेलं. चीक मात्र कपड्यांना लागू द्यायचा नाही. माझ्या पांढऱ्या कुर्त्यावरचा काळा डाग अजून आहे.

चाफ्याला देठ केवढासा! म्हणून खराट्याचे हीर काढले, एकेका फुलाच्या बुडात हलकेच टोचले आणि सोपटात रोवले. जोर जास्त झाला की पाकळ्या सुटतात. पहिली चार फुलं अशीच गेली. आठ रुपये, हे मनात आलंच. मध्ये चाफा, कडेने तगर, खाली क्रोटनची पानं. एका बाजूला जरा झुकलं होतं, राहू दिलं.

संध्याकाळी कबरस्थानात मिस्सा झाली. वाऱ्याने मेणबत्त्या विझत होत्या, शेजारची काकी आपल्या ज्योतीवरून आमची पेटवून देत होती. गावातून फटाक्यांचे आवाज येत होते. फादर पवित्र पाणी शिंपडत आमच्या रांगेपर्यंत आले, तेव्हा चाफ्याचा वास भरून राहिला होता. तीस फुलं, बाजारात न गेलेली. आजीने हिशेब मागितला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईबरोबर मेण खरवडायला गेले. फुलं नव्हती, पानं नव्हती, सोपटही अर्धं कुरतडलेलं. हीर तेवढे उभे होते आणि ओल्या मातीत बकरीचे खूर उमटले होते.

आई बघत राहिली, मग हसायलाच लागली. ‘ती होती तेव्हा वाडीत पाऊल टाकायची टाप होती का हिची!’