तुम्ही विचारलंत म्हणून : क्रेशेंडो म्हणजे आवाजाचा कळस का?

मी पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकवते हे कळल्यावर संगीताची आवड असलेली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. ‘प्रचाराने क्रेशेंडो गाठला’ अशा धर्तीची वाक्ये त्यांच्या वाचनात आलेली असतात आणि क्रेशेंडो म्हणजे आवाजाचा कळसच ना, एवढीच खात्री त्यांना करून घ्यायची असते. माझे उत्तर नेहमी नकारार्थी असते, आणि ते नीट समजावून सांगावेसे मला मनापासून वाटते, कारण या एका गैरसमजामुळे संगीतातली एक फार सुंदर गोष्ट ऐकायची राहून जाते.

क्रेशेंडो ही आवाज हळूहळू वाढवत नेण्याची सूचना आहे. स्वरलेखनात ती शब्दाने लिहितात किंवा एका बिंदूतून निघून उजवीकडे फाकत जाणाऱ्या दोन रेषांनी दाखवतात; वादक त्या खुणेला हेअरपिन म्हणतात. ही खूण जिथे सुरू होते तिथे आवाज लहानच असायला हवा. पण विद्यार्थ्याला ती दिसली की पहिल्याच सुरावर त्याचा हात जड होतो, आणि मग पुढे वाढवायला काही उरत नाही. म्हणून वाद्यवृंदात शिकवणारे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की, क्रेशेंडो दिसला की हळू आवाजात वाजवा.

व्हायोलिनवर ही वाढ गजाचा वेग, त्याचा दाब आणि घोडीपासूनचे (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासूनचे) त्याचे अंतर या तिन्हींच्या मेळातून साधते. गज मुठीकडे जड आणि टोकाकडे हलका असल्यामुळे टोकाकडून मुठीकडे येताना आवाज आपसूक भरत जातो, आणि म्हणून शक्य असेल तेव्हा आम्ही गजाची दिशा अशी ठरवतो की वाढ त्या हालचालीत यावी. हार्मोनियमवर हे काम भाता करतो. पियानोची अडचण मात्र वेगळी आहे. तिथे सूर वाजला की त्या क्षणापासून तो विरूच लागतो, त्यामुळे एकट्या सुरावर क्रेशेंडो करता येत नाही. पुढचा प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा किंचित ठळक वाजवून वादकाला वाढीचा भास निर्माण करावा लागतो.

अठराव्या शतकाच्या मध्याला जर्मनीतल्या मानहाइम दरबाराचा वाद्यवृंद योहान श्टामित्स यांच्या नेतृत्वाखाली या एका गोष्टीसाठी युरोपभर नावाजला गेला. इटालियन ऑपेरात क्रेशेंडो आधीपासून होता, पण इतक्या वादकांनी एका शिस्तीत, एका श्वासात आवाज चढवत नेणे श्रोत्यांना नवे होते. पुढे इटालियन संगीतकार रोसिनी यांनी त्याचे जणू यंत्रच बनवले. एक छोटा स्वरसमूह पुन्हा पुन्हा घ्यायचा आणि प्रत्येक फेरीत वाद्यांची भर घालत जायचे, ही त्यांची रीत इतकी प्रसिद्ध झाली की लोक त्यांना ‘सिन्योर क्रेशेंडो’ म्हणू लागले. १८१६ साली रोममध्ये प्रथम सादर झालेल्या त्यांच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ या ऑपेरात डॉन बासिलियो हे पात्र कुचाळकी कशी पसरते ते गाऊन सांगते : आधी मंद झुळूक, मग कुजबुज, आणि शेवटी तोफेचा बार. शब्द जे सांगतात तेच वाद्यवृंद करत जातो, आणि म्हणून क्रेशेंडो समजून घ्यायला याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

आपल्या कानांना एक गोष्ट विशेष अवघड जाते, आणि माझा बराचसा वेळ तिच्यावरच खर्च होतो. भजनात गजर रंगू लागला की टाळ, पखवाज, कंठ आणि लय सगळे एकदमच चढते; ख्यालातही वाढ जाणवते ती मुख्यतः स्वरांच्या बढतीतून आणि लयीतून. त्यामुळे आवाज वाढवा म्हटले की मराठी घरातले मूल नकळत वेगही वाढवते. यात त्याचा दोष नाही, कारण त्याच्यावर झालेला संस्कार तसाच आहे. क्रेशेंडोत मात्र स्वतंत्र सूचना नसेल तर लय जिथल्या तिथे राहिली पाहिजे. अशा वेळी मी फ्रेंच संगीतकार राव्हेल यांचा ‘बोलेरो’ ऐकवते. २२ नोव्हेंबर १९२८ रोजी पॅरिस ऑपेरात प्रथम सादर झालेली ही रचना म्हणजे सुमारे पंधरा मिनिटांचा एकच क्रेशेंडो. स्नेअर ड्रम या काठ्यांनी वाजवायच्या छोट्या ढोलावर अगदी हलक्या हाताने एक ठेका सुरू होतो, त्यावर एकटी बासरी येते, मग एकामागून एक वाद्ये मिळत जातात, आणि ठेका शेवटपर्यंत तोच राहतो. १९३० साली वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनी यांनी ही रचना जलद वाजवली तेव्हा राव्हेल नाराज झाले होते, आणि मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे पटते. लय सरकली की त्या संथ वाढीतला ताणच निघून जातो.

आता मूळ प्रश्नाकडे. क्रेशेंडोच्या शेवटी पुष्कळदा कळस येतो हे खरेच. बेथोव्हेन यांच्या पाचव्या सिम्फनीत तिसऱ्या भागातून चौथ्या भागात जाताना तंतुवाद्ये आणि टिंपनी (मोठे नगारे) कितीतरी वेळ दबक्या आवाजात थांबून राहतात, अगदी शेवटच्या मोजक्या बारांत (स्वरलेखनातल्या तालाच्या खंडांत) वाढ होते आणि सारा वाद्यवृंद उजळून निघतो. पण त्याच बेथोव्हेन यांनी अनेक ठिकाणी पूर्ण क्रेशेंडो लिहून त्याच्या टोकाला एकदम हळू आवाजात वाजवण्याची खूण केली आहे. तिथे कळस येतच नाही, तरी क्रेशेंडो पुरा झालेला असतो. वाजवायला ती जागा फार कठीण असते, कारण पुढे हळू आवाजात वाजवायचे आहे हे माहीत असल्यामुळे हात आधीच सैल पडू पाहतो. शेवटच्या सुरापर्यंत वाढ चालू ठेवायची आणि पुढच्याच सुराला गज जवळजवळ वजनरहित करायचा, हे विद्यार्थ्यांकडून संथ लयीत, एकेक सूर वेगळा काढून घोटून घ्यावे लागते.