पातेरा भरून ठेवला नाही म्हणून

रत्नागिरीत दुसऱ्या मजल्यावर राहते. मागे एका मार्चमध्ये घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं. रंगाची २० लिटरची रिकामी बादली, तापवलेल्या सळईने पाडलेली भोकं, खाली दोन विटा नि परात. मे संपेपर्यंत काही अडलं नाही.

जुलैत सगळं बिघडलं. हवाच एवढी दमट की बादलीतलं पाणी सुकेना. ओल्यात मिसळायचा सुका पाला, म्हणजे आमच्याकडचा पातेरा, संपलेला, बाहेर पडलेला सगळा चिंब. मी तशीच भाजीची देठं, चहाचा चोथा टाकत राहिले. आठवड्यात काळा चिखल झाला, सडक्या अंड्यासारखा वास सुटला आणि अळ्या बादलीच्या कडेवर चढल्या. समोरच्या वहिनींनी दार वाजवून नीट सांगितलं, त्याचं वाईट वाटलं नाही. सोसायटीचं पत्र मात्र लागलं: आठ दिवसांत बादली हलवा. गच्चीच्या जिन्याखालचा कोपरा मागितला, तर "मीटिंगमध्ये ठेवू." तीन आठवडे मीटिंगच नाही! खाली गेटपाशी प्लास्टिकच्या पिशव्यांतला कचरा कुत्री रोज फाडतात, त्यावर कुणाला पत्र गेलेलं मी पाहिलं नाही. हा राग अजून जात नाही.

शेवटी मीच वखारीतून भुश्श्याचं पोतं आणलं. तोही ओलसर. रात्रभर पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरला. सकाळी बादली टबात उपडी केली, गोळे हाताने फोडले, भुस्सा नि अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेचे तुकडे मिसळले. हवा कोंडली की हा वास येतो, त्यामुळे मोकळं करणं हाच उपाय. पाचव्या दिवशी वास गेला. अळ्यांना घाबरू नका, त्या कचराच खातात. सुकं वाढलं की कमी होतात.

पावसात एक वाटी ओल्याला दोन वाट्या सुकं घालाच. मूठ दाबून बघा: एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर सुकं कमी पडलंय. कोळंबीची सालं, माशांचे काटे, उरलेलं कालवण फ्लॅटमधल्या बादलीत नको. आणि हो, तळाला नारळाची सोडणं (वरची तंतूंची सालं) घाला, पाणी निथळतं.

आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, आपण मीठ-मिरची, सुकी मासळी भरतो, तसाच पातेराही भरायचा. यंदा एप्रिलमध्ये गावी कलमांखालचा तीन पोती आणला, भाजावळीत, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळतात त्यात, जाण्याआधी. माळ्यावर ठेवलाय, कडकडीत आहे.

उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांत होणारं खत त्या वर्षी गणपती उलटून गेल्यावर हाती आलं. काळं, भुसभुशीत, पहिल्या सरीनंतरच्या मातीच्या वासाचं. सगळं कढीपत्त्याला घातलं. चाळताना आंब्याचे बाठे तसेच निघाले, ते आता बादलीत टाकत नाही.